तिसऱ्या कडव्यातली ओळ

१

सिद्धोधनचा रविवार ठरलेला होता. सकाळी पूर्णेहून गाडी, पाऊण तासात परभणी, आणि मग दुपारपर्यंत स्टेशनाबाहेरच्या ओमप्रकाशच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मुक्काम. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला हा माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, चारचौघांत बसणं नाही. नाद एकच, घरच्या घरी अँप्लिफायर बनवायचा. लग्नाच्या वरातीत खिडक्यांच्या काचा हलवणारा नव्हे. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की सुराच्या आधी त्याचा श्वास ऐकू यावा, असा.

पार्ट निवडण्याची त्याची रीत ओमप्रकाशला पाठ झाली होती. ट्रान्झिस्टर हातात घेतला की थिनरचा बोळा त्याच्यावरून फिरवायचा. छापलेला नंबर पुसला गेला तर माल नकली. कंडेन्सर तळहातावर तोलायचा. एकदा असाच एक मोठा कंडेन्सर त्याला वजनात हलका लागला. त्यानं तो काउंटरवरच करवतीनं कापला, तर आत बोटाएवढा दुसरा कंडेन्सर आणि भोवती कागदाचा बोळा. ओमप्रकाशच्या तोंडाचं पाणी पळालं.

"सिद्धोधनभाऊ," तो म्हणाला, "तुमच्यासारखं अजून एक गिऱ्हाईक आलं तर मला दुकान बंद करून सेलूला कापसाच्या धंद्यात जावं लागंल."

"जा की. पन तिथं बी वजन बरोबर ठेव."

"एवढं करून ऐकायचं तरी काय असतंय तुमाला?"

सिद्धोधनची ऐकायची कॅसेट एकच होती, आणि त्या कॅसेटवरही एकच ओळ.

२

सिद्धोधनचा बाप सटवाजी दिवसा रेल्वेचे रूळ सांभाळायचा आणि सणावारी गायन पार्टी घेऊन गावोगाव भीमगीतं गायचा. पार्टीत तिघं साथीदार होते. पेटीवर परमेश्वर, टाळांवर किसन, ढोलकीवर सोनपेठचा सिताराम. एकोणनव्वद साली एका रविवारी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून, क्वार्टरच्या पुढच्या खोलीत चटई अंथरून, त्यांनी एक कॅसेट भरली. सिद्धोधन तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि नेमका मामाच्या गावी गेला होता.

सात वर्षांनी सटवाजी गेला. मागोमाग किसन, मग परमेश्वर. सिताराम तेवढा सोनपेठला लेकीकडे राहून होता.

कॅसेटवरचं शेवटचं गाणं सवाल-जबाबाचं होतं. सटवाजी विचारायचा, "उंबऱ्यावरती आमच्या दिवा कुणी हो लावला?" आणि मागचे उत्तर द्यायचे. तिसऱ्या कडव्यात मात्र वेगळं होतं. सिद्धोधनची आई गीताबाई त्या दिवशी आत चुलीपाशी भाकरी थापत होती. गाता गाता सटवाजीच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं आत हाक मारली, "ह्या कडव्याची ओळ तू म्हण गं." आणि गीताबाईंनी जागेवरून न उठता ओळ म्हटली, "माझ्या घरामंदी आता अंधार न्हाई."

असं गीताबाई सांगायच्या. कॅसेटवर मात्र ती ओळ नव्हती. त्या जागी पेटी वाजत होती, ढोलकी चालू होती, आणि गळा कुणाचाच नव्हता. ओळीची जागा संपली की सटवाजीचा आवाज यायचा, "वा!" कशाला वा म्हणाला, ते फक्त गीताबाईंना ठाऊक.

आता त्यांना ब्याऐंशी वर्षं झाली होती. कान जवळजवळ गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं, तर दोन दिवसांत त्यांनी ते उशीखाली टाकलं. "नुसती भांडी आदळल्यावानी वाटतंय," म्हणाल्या. स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून त्या नवऱ्याचं गाणं ऐकायच्या, डोळे मिटून, आणि गाणं संपलं की पेटीवर दोनदा थाप मारायच्या. थाप, थाप. म्हणजे परत लाव.

"सिद्धू," एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुझा बाप हाय, परमेश्वर हाय, किसन हाय. मीच कुटं न्हाई. मी बी म्हणलं होतं रं."

"माईकपासून लांब होतीस, माय. आवाज दबलाय. मी काढून दावतो."

हे तो ओरडून बोलला, आणि तिनं ओठांवरून ओळखलं. त्या दिवसापासून दोन वर्षं झाली होती.

३

घरच्यांना वेड वाटत असलं तरी सिद्धोधनच्या कामाला हिशेब होता. प्रत्येक पार्ट काही ना काही झाकत असतो. चांगला पार्ट म्हणजे कमी झाकणारा.

त्यानं आधी ट्रान्सफॉर्मर बदलला, गोल गाभ्याचा आणला, आणि सदा मागं चालणारी घूं गेली. मग व्हॉल्यूमचं बटण बदललं, खरखर गेली. मग एक एक ट्रान्झिस्टर मीटरवर मोजून त्यांच्या जोड्या लावल्या. दर वेळी कॅसेटवरची खोली थोडी थोडी उघडत गेली. परमेश्वरच्या पेटीचा भाता फाटका होता हे कळलं. किसन मधेच नाक ओढतो हे कळलं. बाहेरून एक मालगाडी गेली तीही ऐकू आली, आणि सिद्धोधन मनाशी हसला, कारण तशीच एक त्या क्षणी त्याच्या खिडकीबाहेरून जात होती.

आणि एका रविवारी तिसऱ्या कडव्यात भाकरी ऐकू आली.

दोन हातांवर पीठ थापल्याचा आवाज. थप, थप, थप. बांगड्यांची किणकिण. तव्यावर भाकर पडल्याचा चर्र. अगदी स्पष्ट, माईकपासून आठ-दहा हातांवरचं. सिद्धोधननं टेप मागं घेऊन पाच-सहा वेळा ऐकलं. आईचे हात ऐकू येत होते. बांगड्या येत होत्या. ओळीच्या जागेवर एकदा थापणं थांबतंय हेही कळत होतं, माणूस गायला लागला की हात थांबतात तसं. गळा मात्र नव्हता.

ज्या माईकनं बांगडी पकडली त्यानं गळा कसा सोडला?

बायको सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला त्यानं ऐकवलं. तिनं वह्या तपासता तपासता ऐकलं.

"जुनी टेप आहे. तेवढंच पुसलं असेल."

"तेवढंच? बांगड्या ठेवून?"

"मग तुमीच सांगा. इंजिनेर तुमी आहात."

तो इंजिनेर नव्हता, पण हा प्रश्न सोडून देण्यातलाही नव्हता. त्यानं सोनपेठला सितारामला फोन लावला.

"जयभीम काका. त्या दिवशी माईक कुटं ठेवला होता, आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? उलटी बादली, तिच्यावर माईक. मी सगळ्यात जवळ होतो." म्हातारा खोकला. "पन तुज्या त्या क्याशेटीत मी मुकाच हाय म्हनं. ढोलकी वाजायलीय आन् माणूस मुका. तुजा बाप मला कोरसमदी सगळ्यात पुढं ठेवायचा, म्हायती हाय का? लय पल्ल्याचा आवाज होता माजा."

हे सिद्धोधनच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं फोन ठेवून टेप लावली. कोरसमध्ये दोनच गळे होते. परमेश्वर आणि किसन. तिसरा माणूस सगळ्यात जवळ बसून ढोलकी वाजवत होता आणि गात नव्हता.

४

कपलिंग कंडेन्सर तेवढा राहिला होता. टेपमधून निघालेला आवाज अँप्लिफायरमध्ये शिरतो तो ह्याच्यातून. सगळं गाणं ह्या एवढ्याशा दारातून येतं, त्यामुळे इथं कंजुषी चालत नाही. ओमप्रकाशनं मुंबईहून दोन मागवले होते. सिद्धोधननं त्यांना थिनर लावला, तोलले, मीटरवर धरले, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता खिशात घातले.

सोमवारी त्यानं रजा टाकली होती. सकाळी अकराच्या सुमारास त्यानं ते डाग देऊन बसवले. गीताबाई खाटेवर बसून पेटीवर हात ठेवून तयारच होत्या. त्यानं टेप लावली.

सटवाजीनं सवाल टाकला. आणि कोरसमध्ये तिसरा गळा आला.

उंच, धारदार, लय पल्ल्याचा. परमेश्वर आणि किसनच्या डोक्यावरून सरळ जाणारा. सिद्धोधनच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा होता. दोन वर्षांची उस्तवारी फळाला आली होती. तिसऱ्या कडव्याची जागा अजून रिकामीच होती, पण आता तीही भरणार ह्यात त्याला शंका उरली नाही. गीताबाईंनी डोळे उघडले.

"सिताराम आला," त्या म्हणाल्या.

त्यानं लगेच सोनपेठला फोन लावला. सितारामच्या लेकीनं, शिवकन्येनं उचलला. मागं बायकांचा आवाज होता.

"दादा, तुमाला कसं कळालं? मी आताच फोन करणार होते. बाबा गेले. नऊ वाजता. चहा घेतला आन् भिंतीला टेकले, तेवढंच."

५

सिद्धोधन मातीला जाऊन आला. दोन दिवस टेपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डोकं चालायला लागलं.

योगायोग. म्हातारा पंच्याऐंशीचा होता, कधी तरी जाणारच होता. आवाज आला तो कंडेन्सरमुळे. त्यानं नवा कंडेन्सर काढून जुना बसवला. सिताराम गातच होता. मग त्याला आठवलं, दोन वर्षांपूर्वी कॅसेट झिजेल म्हणून त्यानं ती एकदा मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. त्यानं मोबाईल त्याच अँप्लिफायरला जोडला. तेच पार्ट, तेच स्पीकर, तेच गाणं. मोबाईलमध्ये कोरसला दोन गळे. कॅसेट लावली, तीन गळे.

त्यानं असं चार वेळा केलं. चार वेळा तसंच झालं. मग त्यानं दोन्हींच्या वायरी काढल्या आणि गुंडाळून ठेवल्या, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

गीताबाई खाटेवरून त्याच्याकडे बघत होत्या.

"तुझ्या बापाचं बी असंच झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज भाजीत मीठ कमी पडलं सांगावं तितका साधा होता. "ती क्याशेट भरली त्या दिशीच लावून बघितली होती. नुसती पेटी अन् ढोलकी. कोणाचाच गळा न्हाई. तुझा बाप लय चिडला, म्हणला माईक भंगार हाय. टाकली ट्रंकेत. मग तेच्या माघारी, वरसाच्या कार्याला किसननं काढून लावली, तर ह्यो एकटाच गायलेला. किसन रडाया लागला. म्हणला, आमी कुटं हाओत?"

"माय, हे तू कवा सांगितलंच न्हाईस."

तिनं ते ओठांवरून वाचलं.

"तू कवा इचारलंस?"

सिद्धोधन त्या संध्याकाळी जेवला नाही. एका गोष्टीनं त्याला धीर दिला. सिताराम नऊला गेला होता आणि गळा अकराला ऐकू आला. म्हणजे टेप कुणाला नेत नव्हती. टेप फक्त सांगत होती. हा धीर फार वेळ टिकला नाही, कारण दोन वर्षं आपण आईला काय कबूल करून बसलो आहोत हे त्याच्या नीट ध्यानात आलं. आईची ओळ ऐकू येणं म्हणजे काय, हे आता त्याला माहीत होतं.

६

पुढच्या रविवारी तो परभणीला गेला आणि म्हणाला, "सगळ्यात भंगार माल दाखव."

ओमप्रकाशला वाटलं चेष्टा आहे.

"भंगार म्हणजे?"

"ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, सगळं. आवाज दबला पायजे. काय बी कळता कामा नये."

"सिद्धोधनभाऊ, तब्येत बरी हाय ना?"

"हाय. तो कागदाचा बोळा भरलेला निघाला होता, तसला हाय का?"

ओमप्रकाशनं टपरीवाल्यांसाठी ठेवलेली खालची बरणी काढली. सिद्धोधननं त्यातून पार्ट निवडले, आणि गंमत म्हणजे तितक्याच काळजीनं निवडले. थिनर लावून नंबर पुसला जातो ते घेतले. हलके लागले ते घेतले. ओमप्रकाश बघत राहिला. पिशवी देताना त्यानं पैसे घ्यायला नको म्हटलं, आणि पैसे न घेण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

घरी येऊन सिद्धोधननं दोन वर्षांचं काम चार तासांत उपटलं. नवी जोडणी करून टेप लावली. घूं परत आली, खरखर आली. सटवाजी गोधडीच्या आतून गायल्यासारखा आला. भाकरी गेली, बांगड्या गेल्या. सिताराम मात्र गेला नाही. सगळ्या गाळातून त्याचा गळा तसाच सरळ वर येत होता, उंच आणि धारदार, त्याला कुठल्या पार्टाची गरज नसल्यासारखा.

सिद्धोधननं अँप्लिफायर बंद केला आणि आईला सांगितलं, "जळाला."

पुढं महिनाभर तो जळालेलाच राहिला. गीताबाई रोज विचारायच्या. मग विचारणं बंद झालं आणि जेवण कमी झालं. दुपारी त्या बंद पेटीवर हात ठेवून बसायच्या.

"अहो, लावा ना एकदा," सुकेशनी म्हणाली. "म्हातारीनं काय मागितलंय? सोनं मागितलं का?"

सुकेशनीला तो काय सांगणार होता? रेल्वेत तो रोज दिवे बघायचा, लाल का, हिरवा का, कुठली वायर सुटली, ते शोधायचा. ह्या गोष्टीत वायर कुठंच सुटलेली नव्हती. त्याला भीती वाटत होती, एवढंच खरं होतं. शिवाय आई जेवत नव्हती, तेही खरंच होतं.

७

बुधवारी त्याची रजा होती. सुकेशनी शाळेत गेली होती. सकाळी दहाला गीताबाईंनी आंघोळ केली आणि पांढरं पातळ नेसल्या. पौर्णिमा नव्हती, जयंती नव्हती.

"आज काय गं, माय?"

"काय न्हाई. लाव."

"जळालाय ना."

"सिद्धू," त्या म्हणाल्या, "तुला लबाडी कवा जमली न्हाई. लाव. तुझ्या बापाचं ऐकाया दे. माझी ओळ आली न आली, मला तेचं काय न्हाई."

त्यांनी खाटेशेजारच्या डाव्या पेटीवर हात ठेवला. मनगटावरचं हिरवं गोंदण सुरकुत्यांत बुडालं होतं. सिद्धोधननं त्या हाताकडे बघितलं आणि मनाशी म्हणाला, माय समोर बसलीय, बोलायलीय, मग भ्यायचं कशाला? हा विचार बरोबर होता. तो टेबलाकडे तोंड करून स्टुलावर बसला, आईकडे पाठ करून, आणि टेप लावली. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला पेटी दिसत होती आणि पेटीवरचा हात.

घूं सुरू झाली. गोधडीतून सटवाजी गायला लागला. "उंबऱ्यावरती आमच्या दिवा कुणी हो लावला?" कोरस आला. सिताराम आला. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. खिडकीबाहेर शंटिंगचं इंजिन मागंपुढं करत होतं. पेटीवरचं एक बोट ढोलकीबरोबर हळूच हलत होतं.

तिसरं कडवं लागलं. बोट थांबलं.

परमेश्वरची पेटी वाजत होती, फुटक्या आवाजात. ओळीची जागा आली.

"माझ्या घरामंदी आता अंधार न्हाई."

घूं नव्हती, खरखर नव्हती. आठ-दहा हातांवरून, चुलीपासून आलेला, चाळिशीतल्या बाईचा आवाज. जरा घाईतला, तव्यावरची भाकर करपू नये म्हणून. सुरात होती ती. सिद्धोधनला हे कधी माहीत नव्हतं की आई सुरात गाते. भंगार पार्टांतून, कागदाचा बोळा भरलेल्या कंडेन्सरमधून तिचा श्वासही स्वच्छ आला, ओळीच्या आधीचा आणि नंतरचा.

"वा!" सटवाजी म्हणाला.

गाणं पुढं गेलं आणि संपलं. टेप नुसतीच फिरत राहिली.

हात पेटीवर होता. सिद्धोधन फक्त हाताकडे बघत होता, त्याच्या वर बघत नव्हता. मान वळवायची म्हटलं तर वळली असती. तो थापेची वाट बघत होता. दोनदा, थाप, थाप. गाणं संपल्यावर तिला कधी कधी थोडा वेळ लागायचा. बाहेरचं इंजिन थांबलं आणि खोली इतकी शांत झाली की नकली ट्रान्झिस्टरची बारीक शीळसुद्धा ऐकू येऊ लागली.

त्याचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी आत कुठं तरी त्याला आनंद झाला, दोन वर्षं जे शोधत होतो ते ऐकायला मिळालं म्हणून. त्या आनंदाची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान खाली घातली.

मग तिनं सांगितलं असतं तेच त्यानं केलं. पाठीमागं न बघता टेप मागं घेतली, आणि परत लावली.